‘आमचं काय, तुम्ही ठरवाल ते’: बैठकीत प्रत्येकाला बोलतं कसं करायचं

कोल्हापुरात बैठकांना तोटा नाही. तालमीची बैठक, मंडळाची बैठक, दूध संस्थेची, बचत गटाची, अपार्टमेंटची, शाळेतल्या पालकांची. सप्टेंबर उजाडला की सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा आणि तिथला ‘मंजूर, मंजूर’चा गजर. कोल्हापूरचा माणूस बोलत नाही असं कोणी म्हणणार नाही. रंकाळ्याच्या कट्ट्यावर तो ऊसदरापासून अमेरिकेपर्यंत सगळ्यावर बोलतो. तोच माणूस बैठकीच्या सतरंजीवर बसला की गप्प. तीसजण जमतात, पाचजण बोलतात, बाकीचे मान डोलावतात. थेट विचारलंच तर उत्तर ठरलेलं: ‘आमचं काय, तुम्ही ठरवाल ते.’ आणि बैठक संपून चपला शोधताना खरी चर्चा सुरू होते: ‘ते काय चालायचं न्हाई बघ.’

लोक गप्प बसले की आपण म्हणतो, बुजरे आहेत, किंवा ‘लोकांना काही पडलेलंच नाही’. मला हे पटत नाही. बहुतेक बैठकांची मांडणीच अशी असते, की बोलणाऱ्याचं नुकसान आणि गप्प बसणाऱ्याची सोय. ती मांडणी बदलता येते. त्यासाठी वक्तृत्व लागत नाही, थोडी तयारी आणि बराच संयम लागतो. मुख्य गोष्ट एकच: सूचना गोळा करणं, त्यांच्यावर चर्चा करणं आणि निर्णय घेणं ही तीन वेगळी कामं आहेत. ती एकात एक मिसळली की सूचना पहिल्या पाच मिनिटांतच मरतात.

पुढं सगळीकडं एकच उदाहरण घेतो. समजा, पंचगंगेकाठच्या गावातली एक गल्ली आहे. मे महिन्याची अखेर, पंचवीस-तीस माणसं, विषय पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा तीच पाळी आली. त्यामुळं विषय समजावून सांगायची गरज नाही. प्रत्येकाकडं सांगण्यासारखं काहीतरी आहे. ते बाहेर कसं काढायचं एवढंच बघायचं.

गप्प बसण्यामागचं गणित

अलेक्स ऑसबॉर्न या अमेरिकन जाहिरातवाल्यानं गेल्या शतकाच्या मध्याला एक कल्पना लोकप्रिय केली: सगळ्यांनी एकत्र बसायचं, सुचेल ते मोठ्यानं बोलायचं, टीका करायची नाही. कल्पना झकास होती. पण १९५८ साली येल विद्यापीठात ती तपासली गेली, तेव्हा उलटंच निघालं. चौघांनी एकत्र बसून जेवढ्या कल्पना दिल्या, त्याच्या जवळजवळ दुप्पट कल्पना चौघांनी वेगवेगळं बसून दिल्या. पुढं १९८७ मध्ये मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोब यांनी याचं मोठं कारण दाखवलं. एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. बाकीचे पाळीची वाट बघतात, तोवर आपलं सुचलेलं विसरतात किंवा ‘जाऊ दे, एवढं काही खास नाही’ म्हणून गिळतात.

दुसरी गोष्ट त्याहून नुकसानीची. गॅरोल्ड स्टासर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं, की गट एकत्र बसला की सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींवरच बोलत राहतो. एकट्यादुकट्याला माहीत असलेली गोष्ट तशीच राहून जाते. आपल्या गल्लीत बघा. ‘नदीचं पाणी रस्त्यावर येतं’ हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर अर्धा तास जाईल. पण पाणी समोरून यायच्या आधी मागच्या ओढ्यातून फुगून येतं, हे फक्त शेवटच्या दोन घरांना माहीत आहे. ती दोन घरं बोलली नाहीत, तर अख्खी योजना चुकीच्या बाजूला तोंड करून उभी राहणार.

आधी प्रश्न घासून घ्या

‘पुराबद्दल कोणाला काही सूचना?’ हा प्रश्न नाही, बैठक आटोपायची तयारी आहे. प्रश्न असा हवा, की प्रत्येकाला आपल्या घरातून, आपल्या कामातून उत्तर देता यावं. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे पावसाळ्यात इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. मग विचारा: ‘पाणी ३९ वर आलं. ४३ व्हायच्या आत तुमच्या घरात आणि आपल्या गल्लीत कोणत्या तीन गोष्टी उरकलेल्या असाव्यात?’

प्रश्न बरा आहे का, हे तपासायची सोपी युक्ती. डोळ्यांसमोर गल्लीतली सत्तरीतली आजी आणू या, आणि दहावीतला पोरगा. दोघांनाही कोणाला न विचारता उत्तर देता येत असेल तर प्रश्न जमला. ‘तुमचं मत काय?’ म्हटलं की माणूस बिचकतो, कारण मत म्हणजे जबाबदारी वाटते. ‘गेल्या वेळी तुमच्याकडं पहिली अडचण काय आली?’ म्हटलं की तो आपोआप बोलायला लागतो.

हा प्रश्न बैठकीच्या दोन दिवस आधी पोहोचवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकाच, पण ग्रुप म्हणजे गल्ली नव्हे. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो घरधन्याच्या खिशात असतो, तिथं दारात जाऊन सांगा. ज्यांना पटकन सुचत नाही, ते दोन दिवसांत विचार करून येतात. आणि अशांच्या सूचना बऱ्याचदा सगळ्यात पक्क्या निघतात.

वेळ, जागा आणि बसायची पद्धत

धारेच्या वेळेला बैठक ठेवली की निम्मी गल्ली आलीच नाही म्हणून समजा. सकाळ-संध्याकाळ संस्थेला दूध घालणाऱ्या घरातल्या बाईला दुपारी दोन ते चार जमतं, पुरुषांना रात्री जेवणानंतर जमतं. दोन्ही सांभाळायचं तर रविवारची दुपार बरी.

जागा एखाद्याच्या दारात किंवा वाड्यावर नको. यजमानाच्या विरोधात त्याच्याच सोप्यात बसून कोण बोलणार? तालमीचा हॉल सोयीचा असतो, पण पैलवानांच्या फोटोंखाली बायका मोकळ्या होत नाहीत, हा माझा अनुभव आहे. शाळेची खोली किंवा समाजमंदिर सगळ्यांचं असतं.

बसण्याबद्दल मी हट्टी आहे. पुढं चार खुर्च्या आणि समोर सतरंजी अशी मांडणी केली, की कोण बोलणार आणि कोण ऐकणार हे तिथंच ठरलं. एकतर सगळे खाली किंवा सगळे खुर्चीवर. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची द्या, पण त्याच गोलात. बायका दाराजवळ घोळक्यानं बसतात, पोरं मागं भिंतीला टेकतात. गोल केला की मागची रांगच उरत नाही. माणसं दहा-बाराच्या वर असली तर पाच-सहाजणांचे गट पाडा. गट पाडताना एका घरातली दोन माणसं एका गटात नकोत. सासऱ्यासमोर सून, थोरल्यासमोर धाकटा, हे बोलणं कोल्हापुरात अजून अवघड आहे.

मोठ्यांना शेवटी बोलायला लावा

सरपंच, अध्यक्ष, मालक, मुख्याध्यापक, जो कोणी मानाचा असेल तो आधी बोलला की बाकीच्यांचं काम संपतं. हे त्यांना बैठकीआधी, एकट्यात, मान राखून सांगायचं. शब्द साधारण असे: ‘अण्णा, तुम्ही आधी बोललात तर सगळे हो म्हणून मोकळे होतील. आम्हाला ऐकायचंय की पोरांच्या डोक्यात काय आहे. तुम्ही सगळ्यांचं ऐकून शेवटी सांगा.’ शेवटचा शब्द हा मानच आहे, त्यामुळं बहुतेकांना हे रुचतं. मध्येच राहवलं नाही, तर तुम्ही नुसतं हसून हात वर केला तरी अण्णा ओळखतात.

बैठक चालवणाराही असा हवा, ज्याचं त्या निर्णयात स्वतःचं काही अडकलेलं नाही. पुरात जनावरं हलवायला ट्रॉली ज्याची भाड्यानं घ्यायची आहे, त्यानं ट्रॉलीची बैठक चालवू नये.

चिठ्ठ्या: इथं घाई करू नका

सगळ्या पद्धतींतून एकच निवडायची तर मी ही निवडेन. १९७० च्या आसपास आंद्रे डेलबेक आणि अँड्र्यू व्हॅन डी व्हेन या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी ती नीट बसवली. आधी गप्प राहून लिहायचं, मग पाळीपाळीनं सांगायचं, मग चर्चा, मग गुप्तपणे क्रम लावायचा. आपल्याकडं ती अशी करता येते.

वहीच्या पानाचे चार तुकडे करा. प्रत्येकाला तीन चिठ्ठ्या आणि एक पेन. पेनं सगळ्यांना एकाच रंगाची द्या, नाहीतर हिरव्या शाईची चिठ्ठी कोणाची हे लगेच कळतं. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, नाव लिहायचं नाही. पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. ही पाच मिनिटं फार लांब वाटतात. दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी विनोद करणार, तिसऱ्याला कोणाचा तरी फोन वाजणार. तुम्ही डगमगू नका, स्वतःही खाली मान घालून लिहीत बसा. चांगल्या सूचना बहुधा तिसऱ्या चिठ्ठीवर येतात, कारण पहिल्या दोनवर सगळे तेच ते लिहितात.

ज्यांना लिहिता येत नाही किंवा लिहायची सवय मोडली आहे, त्यांच्यासाठी शेजारी लिहिणारा बसवा. पण तो त्या घरचा नको. आजी सांगणार आणि नातू ‘तसं नाही गं’ म्हणत स्वतःचं लिहिणार, हे हमखास होतं. कॉलेजची एखादी पोरगी बसवा आणि तिला बजावून ठेवा: आजी बोलेल तेच शब्द.

चिठ्ठ्या एका डब्यात टाका, पिसा आणि एकानंच सगळ्या वाचा. वाचलेलं भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं लिहीत जा. फळा नसेल तर जुन्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू वापरा. आपल्या शहरात वाढदिवसांच्या कृपेनं फ्लेक्सची कमतरता नाही. लिहिताना एक पथ्य कडक पाळायचं: भाषा सुधारायची नाही. समजा, एका चिठ्ठीत आलं, ‘गाभण म्हस ट्रॉलीत चढत न्हाई, तिला आदल्या दिवशी चालवत न्यावं लागतंय.’ त्याचं ‘पशुधन स्थलांतर नियोजन’ केलंत की सूचनेतला जीव गेला. आदल्या दिवशी, चालवत, आधी गाभण जनावरं: एका ओळीत तीन कामं आहेत. हे धार काढणाऱ्या बाईशिवाय कोणाला सुचलं नसतं, आणि तिनं हात वर करून ते तीस माणसांत सांगितलं नसतं.

फेरी आणि शांततेची भीती

चिठ्ठ्या वाचून झाल्या की एक फेरी घ्या. प्रत्येकानं भिंतीवरच्या यादीत नसलेली एक गोष्ट सांगायची किंवा असलेल्या एखाद्या गोष्टीत भर घालायची. ‘पास’ म्हणायची मुभा. फेरी संपेपर्यंत कोणी उत्तर द्यायचं नाही, ‘पण’ म्हणायचं नाही. सुरुवात पुढाऱ्यांच्या शेजारून करू नका. आणि ‘पास’ म्हणणाऱ्याकडं दुसऱ्या फेरीत पुन्हा जा. पहिल्यांदा पास म्हटलेली निम्मी माणसं दुसऱ्यांदा बोलतात, कारण तोवर त्यांना कळलेलं असतं की इथं कोणी अंगावर येत नाही.

प्रश्न विचारल्यावर आपल्याला शांतता सहन होत नाही. मेरी बड रो या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गात मोजून पाहिलं. प्रश्नानंतर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबत होते. ते तीन सेकंद थांबायला लागले, तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. मोठ्यांच्या बैठकीत मी मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजायला सांगतो.

दहानंतरही कोणी बोललं नाही, तर एखाद्याकडं बोट दाखवून ‘बोला की ओ काकी, तुम्ही गप्पच!’ असं करू नका. त्यात आपलेपणा असला, तरी सगळ्या माना तिच्याकडं वळतात आणि ती पदर सावरत ‘न्हाई, काय न्हाई’ म्हणते. त्याऐवजी शेजारच्याशी दोन मिनिटं बोलायला सांगा आणि मग विचारा, ‘तुमच्या दोघींत काय निघालं?’ दोघींचं म्हणून सांगायचं असलं की जीभ सैल होते.

दोन अडथळे: लांबण लावणारे आणि फिरकी घेणारे

प्रत्येक गल्लीत एक तात्या असतातच. २००५ च्या पुरापासून सुरुवात करून ते वीस मिनिटांनी मुद्द्यावर येतात. त्यांना तोडू नका, कारण त्या वीस मिनिटांत दोन कामाच्या गोष्टी असतात. त्या पकडून मोठ्या अक्षरात लिहा आणि बोट ठेवून दाखवा: ‘तात्या, हे लिहिलं. अजून काही असेल तर पुढच्या फेरीत घेतो.’ आपलं ऐकलं गेलं नाही म्हणून माणूस तेच तेच बोलतो. लिहिलेलं दिसलं की बरेचजण थांबतात. त्यातूनही न थांबणाऱ्याच्या हातात भिंतीवर लिहायचं पेन द्या.

फिरकी घेणारा त्याहून घातक. आपल्याकडं खेचाखेची प्रेमाचीच असते, पण कॉलेजच्या पोरानं काहीतरी सुचवलं आणि कोणी ‘आलाय मोठा कलेक्टर’ म्हटलं, की ते पोरगं त्या वर्षी पुन्हा तोंड उघडत नाही. पहिल्याच फिरकीला, हसत पण स्पष्ट, थांबवा: ‘सगळं गोळा होईपर्यंत कोणाचं काही उडवायचं नाही, असं ठरलंय.’ पहिल्याला सोडलंत तर दुसऱ्याला थांबवायचा अधिकार राहत नाही.

जे आलेच नाहीत त्यांचं काय

आपल्या ग्रामपंचायत कायद्यात नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे, ती उगाच नाही. आधी आपापल्यात बोलून, यादी करून मग एकत्र बसलं की यादीला वजन येतं. बैठक कोणतीही असो, ही रीत उचलण्यासारखी आहे. फक्त ती यादी एकत्र बैठकीत सुरुवातीलाच वाचा, आणि वाचायला बाईच हवी, सदस्याचे ‘मिस्टर’ नकोत. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढं तो आदर्श म्हणून ठेवला. ज्या विषयाची झळ गप्प बसणाऱ्यांनाच लागते, असा विषय आपल्याच जिल्ह्यातल्या गावाच्या विषयपत्रिकेवर येऊ शकला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

भाडेकरू, ओढ्यापलीकडची घरं, रात्रपाळीला शिरोलीला जाणारी पोरं, यांना कोणी मुद्दाम वगळत नाही. ते राहून जातात. बैठकीच्या आधी गल्लीतून एक चक्कर मारून दारं मोजा आणि कोणत्या दारातून कोणी येणार नाही हे बघा. त्यांच्याकडून चिठ्ठी आधीच आणा किंवा फोनवर आवाजी निरोप घ्या.

मग चर्चा, मग निर्णय

चहा बैठकीच्या शेवटी ठेवायची पद्धत आहे. तो मध्ये आणा, चिठ्ठ्या-फेरीनंतर आणि चर्चेआधी. लोक उठून भिंतीजवळ जातात, यादी वाचतात, दोघा-तिघांत बोलतात. तेव्हा कप घेऊन फिरा आणि कान उघडे ठेवा. एखादं वाक्य कामाचं वाटलं तर विचारा, ‘हे मी यादीत घालू का?’

चर्चेत ‘हे चांगलं की वाईट’ विचारू नका, ‘हे करायचं म्हटलं तर कुठं अडेल?’ असं विचारा. त्यानं सूचना मोडत नाही, पक्की होते. सारख्या सूचना एकत्र करताना भांडणं होतात. ज्याची आहे त्याला विचारूनच जोडा.

निर्णयाला हात वर करायला सांगू नका. सॉलोमन अॅश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत, डोळ्यांना स्पष्ट चूक दिसत असूनही अनेकांनी बाकीच्यांची री ओढली. पण खोलीत एक माणूस जरी वेगळं बोलला, तरी ही री ओढणं बरंच घटलं. म्हणून दोन गोष्टी करा. एक, कोणा दोघांना आधीच काम द्या: ‘ज्याकडं सगळे झुकतील, त्याच्या विरोधात तुम्ही बोलायचं.’ काम म्हणून दिलं की कोणाशी वाकडं येत नाही. दोन, चिंचोक्यांनी मत घ्या. प्रत्येकाला तीन चिंचोके, प्रत्येक सूचनेच्या क्रमांकाचा एक झाकलेला डबा, आणि एकेकानं आडोशाला जाऊन टाकायचे. व्हॉट्सअॅपवरच्या मतदानात कोणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं, त्यामुळं ते या कामाचं नाही.

पंचवीस माणसांना हे सगळं साधारण दीड तासात बसतं: दहा मिनिटं विषय, पंधरा चिठ्ठ्या आणि वाचन, वीस फेऱ्या, दहा चहा, पंचवीस चर्चा, दहा मत. वेळ कमी असेल तर चर्चा कापा, चिठ्ठ्या कापू नका.

राहिलं इतिवृत्त. ‘सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते ठरले’ या वाक्यानं काहीच कळत नाही. ठरलेल्या प्रत्येक कामापुढं माणसाचं नाव आणि तारीख लिहा. मागं पडलेल्या सूचनाही कारणासकट लिहून ठेवा. भिंतीवरच्या यादीचा फोटो त्याच रात्री ग्रुपवर टाका, आणि फोन नसलेल्या घरांत दुसऱ्या दिवशी कोणीतरी जाऊन काय ठरलं ते सांगून या. जिची सूचना धरली तिलाच त्या कामात घ्या: गाभण म्हशी आधी हलवायच्या ठरल्या, तर कोणाच्या गोठ्यात किती आहेत ही यादी तिनंच करावी, आणि इशारा पातळीच्या आदल्या दिवशी फोन कोणी कोणाला करायचा हेही तिलाच विचारून लिहावं.